दूर पल्ल्याच्या नेमबाजीसाठीं दुर्बिणीची निवड

द्रोणाचार्यांनीं आपल्या शिष्यांची जी परीक्षा घेतली तिची कथा आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. इतरांस झाड दिसलें, फांदी दिसली, पानें दिसलीं. अर्जुनास मात्र पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला. झाडाच्या शेंड्यावरील लक्ष्यास ही एकाग्रता पुरी आहे. परंतु लक्ष्य जर अर्ध्या मैलाच्याहि पलीकडे असेल, तर नुसत्या एकाग्रतेनें भागत नाहीं. तेथें नेमबाजास लक्ष्याबरोबर मधली हवा पाहावी लागते, आणि सोडलेली गोळी कोठें लागली हेंहि पाहावें लागतें. हें काम उघड्या डोळ्यांनीं होण्याजोगें नसल्यामुळें त्यास एका दुर्बिणीचें साह्य घ्यावें लागतें. तिला 'स्पॉटिंग स्कोप' असें म्हणतात; आम्ही या लेखांत तिला निरीक्षण-दुर्बीण म्हणूं.

ही दुर्बीण कशी निवडावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहतां हा विषय बाजारहाटाचा वाटेल. परंतु त्यांत प्रकाशशास्त्र आहे, गणित आहे आणि व्यवहारहि आहे. नेमबाजी शिकणाऱ्या मुलास दुर्बीण घेऊन देतेवेळीं पालक पुष्कळदां पेटीवरील सर्वांत मोठा आकडा पाहतात, आणि कष्टानें सांठविलेला पैसा अशा वस्तूवर खर्च होतो कीं जी मैदानावर उपयोगी पडत नाहीं. मोठा आकडा म्हणजे चांगली दृष्टि नव्हे, एवढेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

मैदानाची ओळख

दूर पल्ल्याच्या नेमबाजीचें माहेरघर म्हणून इंग्लंडांतील बिस्ले हें ठिकाण प्रसिद्ध आहे. १८५९ सालीं तेथील नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिचा पहिला मेळावा १८६० च्या जुलै महिन्यांत विंबल्डनच्या माळावर भरला, आणि पहिला बार खुद्द व्हिक्टोरिया राणीनें झाडला. १८९० सालापासून हा मेळावा सरे परगण्यांतील बिस्ले येथें भरूं लागला. तेथील सर्वांत मानाचें बक्षीस गादीवर राणी असेल तेव्हां 'क्वीन्स प्राइझ' आणि राजा असेल तेव्हां 'किंग्ज प्राइझ' या नांवानें ओळखलें जातें. १९३० सालीं मार्जरी फॉस्टर यांनीं तें अवघ्या एका गुणाच्या फरकानें जिंकलें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. एका गुणाची किंमत काय असते, हें त्यावरून समजावें.

या स्पर्धेच्या अखेरच्या फेरींत ९०० आणि १००० यार्डांवरून प्रत्येकीं १५ बार झाडावे लागतात. विशेष हें कीं, नेमबाजाच्या रायफलीवर दुर्बीण बसविलेली नसते; बारीक छिद्राच्या साध्या साधनांतूनच नेम धरावा लागतो. म्हणून शेजारीं घोडीवर उभी केलेली निरीक्षण-दुर्बीण हाच त्याचा दूरचा डोळा होय.

आपल्याकडील वाचकांस नेमबाजी म्हटली म्हणजे ऑलिंपिकची आठवण होईल. २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. तेथें लक्ष्य विद्युत्-यंत्राचें असतें, आणि बार कोठें लागला हें नेमबाजाजवळील पडद्यावर तत्काळ उमटतें. परंतु कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्यास, तसेंच दूर पल्ल्याच्या मैदानावर हवा वाचूं इच्छिणाऱ्यास, दुर्बिणीवांचून आजहि गत्यंतर नाहीं.

डोळ्याची मर्यादा

आतां थोडें गणित करूं. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला, हें आपण शिकलेलेंच आहे. निरोगी मनुष्याच्या डोळ्यास सुमारें १ कलेहून लहान तपशील वेगळा ओळखतां येत नाहीं. एन. सी. सी. च्या मुलांस .२२ रायफलीनें २५ मीटरांवर नेम मारावयास शिकवितात. त्या गोळीचा व्यास सुमारें ५.६ मिलिमीटर असतो. एवढें भोंक २५ मीटरांवरून सुमारें ४६ विकलांचा कोन करितें. म्हणजे तें डोळ्याच्या मर्यादेहून किंचित् लहानच राहतें. म्हणूनच तीक्ष्ण दृष्टीचा मुलगा "दिसलें, दिसलें" म्हणतो खरा, पण लक्ष्याजवळ गेल्यावांचून कोणाचीहि खात्री होत नाहीं.

दूर पल्ल्याच्या रायफलीची गोळी ७.६२ मिलिमीटर व्यासाची धरूं. तिचें भोंक ३०० यार्डांवरून सुमारें ५.७ विकलांचें, ६०० यार्डांवरून २.९ विकलांचें आणि १००० यार्डांवरून अवघ्या १.७ विकलांचें दिसेल. ३०० यार्डांवरील भोंक एका कलेएवढें मोठें करावयास सुमारें साडेदहा पट वर्धन लागतें. आणि डोळ्यास तें सुखानें दिसावें म्हणून त्याच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे २० ते २५ पट वर्धन घ्यावें. हाच हिशेब ६०० यार्डांस ४० ते ५० पटींवर आणि १००० यार्डांस ७० ते ८५ पटींवर जातो.

येथें कोणी म्हणेल, "मग ८५ पटींची दुर्बीण घ्यावी, म्हणजे झालें!" नेमकी येथेंच फसगत आहे. दुर्बीण किती बारीक तपशील वेगळा करूं शकेल, हें तिच्या वर्धनावर अवलंबून नसून तिच्या पुढच्या भिंगाच्या व्यासावर अवलंबून असतें. १९ व्या शतकांतील इंग्रज ज्योतिषी विल्यम डॉज यांनीं त्यासाठीं एक सोपा नियम घालून दिला आहे: ११६ या संख्येस भिंगाच्या मिलिमीटरांतील व्यासानें भागावें, म्हणजे ती मर्यादा विकलांत मिळते. ६० मिलिमीटरांच्या भिंगास ती सुमारें १.९ विकला, ८० मिलिमीटरांच्या भिंगास १.४५ विकला, आणि १०० मिलिमीटरांच्या भिंगास १.१६ विकला येते. यावरून दिसेल कीं, १००० यार्डांवरील भोंक ६० मिलिमीटरांच्या भिंगाच्या आवांक्याबाहेर आहे, मग त्यामागें कितीहि पटींचें नेत्रभिंग लावा. भिंगानें जो तपशील आंत घेतलाच नाहीं, तो नेत्रभिंग कोठून आणणार? पाटीवरील पुसट अक्षर जवळ जाऊन पाहिलें तर मोठें दिसेल, पण तें ठळक होणार नाहीं.

बरें, ८० मिलिमीटरांचें भिंग घेतलें तरी हें सारें गणित शांत हवेचें आहे. उन्हांत तापलेल्या मैदानावरील हवेची थरथर कित्येक विकलांची असते, आणि तींत दीड-दोन विकलांचें भोंक पार विरघळून जातें. त्यांत तें भोंक लक्ष्याच्या काळ्या भागांत पडलें असेल तर बोलावयासच नको.

म्हणूनच दूरच्या पल्ल्यावर भोंक शोधीत बसण्याचा नाद अनुभवी मंडळींनीं सोडून दिला. जेथें कागदी लक्ष्यें वापरतात तेथें लक्ष्याच्या खालीं, संरक्षक बांधाच्या आडोशास, खुणा करणारे लोक बसलेले असतात. बार लागतांच ते लक्ष्य खालीं ओढतात, भोंकांत एक ठळक चकती बसवितात, आणि लक्ष्य पुन्हां वर चढवितात. गुण किती मिळाले हेंहि एका पाटीनें दाखवितात. नेमबाजास व त्याची नोंद ठेवणाऱ्या सोबत्यास ही चकती आणि पाटी तेवढी स्पष्ट दिसली म्हणजे पुरे. आणि त्यासाठीं २० ते ३० पट वर्धन भरपूर होतें.

हवा वाचण्याची विद्या

मग दूर पल्ल्यावर दुर्बिणीचें खरें काम कोणतें? तें काम म्हणजे हवा पाहणें. ही गोष्ट नवशिक्यास चमत्कारिक वाटते. कारण हवा दिसत नाहीं असेंच आपण समजत असतों. परंतु चैत्र-वैशाखांत भर दुपारीं दख्खनच्या माळावर किंवा डांबरी सडकेवर नजर टाकावी, म्हणजे दूरचीं झाडें पाण्यांत हलल्यासारखीं दिसतात. जमिनीलगतची तापलेली हवा विरळ होऊन वर चढते, वरची थंड हवा खालीं येते. या कमीअधिक दाट थरांतून येतांना प्रकाशकिरणांचें वक्रीभवन होतें, आणि हवेचा प्रवाहच डोळ्यांस दिसूं लागतो. नेमबाज यासच मृगजळ म्हणतात.

वारा अगदीं पडलेला असेल तेव्हां हें मृगजळ चुलीवरील आधणाप्रमाणें सरळ वर उकळतांना दिसतें. डावीकडून मंद वारा सुटला कीं त्याच्या लाटा उजवीकडे कलतात. वारा वाढेल तसतशा त्या अधिक आडव्या होतात, आणि वारा ताशीं १२ ते १५ मैलांच्या पलीकडे गेला म्हणजे त्या इतक्या सपाट होतात कीं त्यांवरून वेगाचा अंदाज करणें कठीण पडतें. निशाणें मुख्यतः जोराच्या वाऱ्यांत बोलतात, आणि पावसानें भिजलीं म्हणजे जड होतात. मृगजळ मात्र हलक्या झुळुकेचीहि बातमी तत्काळ देतें. उलट, आभाळ भरून आलें व जमीन थंड झाली कीं मृगजळ नाहींसें होतें आणि निशाणांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून दोन्हींचा मेळ घालणारा तोच जाणता.

या बातमीची किंमत किती, तें पाहा. १००० यार्डांचा पल्ला काटावयास रायफलीच्या गोळीस सुमारें दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळांत ताशीं अवघा १ मैल वेगाचा आडवा वारा तिला सुमारें ८ ते १० इंच बाजूस नेतो, म्हणजे जवळजवळ एका विटेच्या लांबीइतकें. १ मैलाचा वारा गालास जाणवतहि नाहीं. मृगजळाच्या लाटा उजवीकडून डावीकडे फिरल्या आणि तें नेमबाजाच्या ध्यानीं आलें नाहीं, तर दुप्पट चूक होते. आणि मग तो बिचारा आपल्या हाताला, श्वासाला, रायफलीला दोष देत बसतो. मृगजळाच्या लाटा एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे वळतांना मध्यें क्षणभर सरळ उकळी दिसते. तिला निवांतपणा समजून घाई करणारा बहुधा फसतो.

मृगजळ पाहण्याची एक युक्ति आहे. प्रथम दुर्बीण लक्ष्यावर नीट जुळवावी, आणि नंतर जुळवणीचें चाक जवळच्या बाजूस किंचित् फिरवावें. मग लक्ष्य थोडें अंधुक होतें, पण मधल्या वाटेवरील हवेच्या लाटा ठळक उठतात. सर्व वाटेवरील वारा सारखा नसतो, म्हणून असें एक-दोन ठिकाणीं जुळवून पाहावें. या कामास मोठें वर्धन घेतलें तर लाटांचाहि आकार वाढतो, सारें चित्र खवळलेल्या समुद्रासारखें होतें आणि दिशा कळेनाशी होते. अनुभवी मंडळी २० ते ३० पटींवर स्थिर राहतात, त्याचें कारण हेंच.

पेटीवरील आकड्यांचा अर्थ

निवड करितांना काय पाहावें, हें आतां सहज समजेल. दुर्बिणीच्या पेटीवर '२०-६०×८०' अशासारखे आकडे असतात. पहिले दोन आकडे वर्धनाचे. म्हणजे नेत्रभिंग फिरवून तें २० पासून ६० पटींपर्यंत नेतां येतें. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. विकणारा ६० या आकड्यावर बोट ठेवितो. घेणाऱ्यानें ८० या आकड्यावर ठेवावें. ८० मिलिमीटरांचें भिंग ६० मिलिमीटरांच्या भिंगाच्या सुमारें पावणेदोनपट प्रकाश आंत घेतें, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो.

या दोन आकड्यांच्या भागाकारावरून आणखी एक गोष्ट निघते. व्यासास वर्धनानें भागलें असतां नेत्रभिंगांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८० भागिलें २० म्हणजे ४ मिलिमीटर. ८० भागिलें ६० म्हणजे सुमारें १.३ मिलिमीटर. भर उजेडांत आपल्या डोळ्याची बाहुली २ ते ३ मिलिमीटर उघडी असते. झोत तिच्याहून जाड असेल तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र हरवत नाहीं. झोत फारच बारीक असेल तर चित्र मंद होतें, आणि डोळा अगदीं नेमक्या जागीं धरावा लागतो. पालथें पडलेल्या, रायफल खांद्यास लावलेल्या मनुष्यास ही कसरत कशी साधावी? याच कारणानें ५० मिलिमीटरांच्या भिंगामागें ६० पटींचें नेत्रभिंग लावणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड, असेंच म्हणावें लागेल.

वर्धन वाढलें कीं दिसणारें क्षेत्रहि आक्रसतें. मोठ्या मैदानावर लक्ष्यांची रांगच्या रांग उभी असते. अरुंद क्षेत्रांत आपलें लक्ष्य कोणतें व शेजाऱ्याचें कोणतें याचा घोटाळा होऊं शकतो; आणि शेजाऱ्याच्या लक्ष्यावर लागलेला बार, तो मध्यभागीं कां लागेना, मारणाऱ्याच्या पदरीं शून्यच टाकतो. यास्तव शक्य असल्यास २५ ते ३० पटींचें, विस्तृत क्षेत्र दाखविणारें एकच स्थिर नेत्रभिंग घ्यावें. फिरतें नेत्रभिंग घेतलें तर त्याच्या खालच्या टोकाकडील चित्र स्वच्छ आहे कीं नाहीं तें पाहावें. मैदानावर उपयोग त्याचाच होणार.

कांचेची परीक्षा

एकाच मापाच्या दोन दुर्बिणींच्या किंमतींत दसपट अंतर कां असतें, असा प्रश्न पालकांस पडतो. त्याचें उत्तर कांचेंत आहे. साध्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारें ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणींत भिंगें व लोलक मिळून अशीं १० पृष्ठें धरलीं तर शेवटीं १०० पैकीं सुमारें ६६ भाग प्रकाशच डोळ्यापर्यंत पोहोंचतो, आणि उरलेला आंत इकडेतिकडे फिरून चित्र धुरकट करितो. १९३५ सालीं जर्मनींतील झाइस या कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला यांनीं कांचेवर अतिशय पातळ लेप चढवून हें परावर्तन कमी करण्याची रीत शोधून काढली. लेपामुळें पृष्ठामागें अर्धाच टक्का प्रकाश गमावला, तर त्याच १० पृष्ठांतून ९५ भाग प्रकाश पार होतो. म्हणून सर्व पृष्ठांवर लेप आहे कीं फक्त बाहेरील पृष्ठावर, याची चौकशी अवश्य करावी.

दुसरा दोष रंगाचा. कांच निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या कोनांत वळविते. त्यामुळें काळ्यापांढऱ्याच्या सीमेवर जांभळी किंवा हिरवट किनार दिसते. जॉन डॉलंड यांनीं १७५८ सालीं दोन जातींच्या कांचा जोडून हा दोष बराच घालविणाऱ्या भिंगाचें पेटंट मिळविलें. हल्लीं 'ईडी' या नांवाची कमी रंग फांकणारी कांच वापरून तो आणखी कमी करितात. लक्ष्य हें काळ्यापांढऱ्या सीमांचेंच बनलेलें असल्यामुळें नेमबाजास या कांचेचा लाभ इतरांहून अधिक होतो. तथापि 'ईडी' हीं अक्षरें नळीवर लिहिलेलीं आहेत एवढ्यानेंच समाधान मानूं नये. डोळ्यानें पारख करावी.

ती पारख अशी करावी. दुकानाबाहेर ५० पावलांवर छापील कागद टांगावा आणि दोन-तीन दुर्बिणींतून आळीपाळीनें एकाच वर्धनावर वाचून पाहावा. मधलीं अक्षरें स्पष्ट असून कडेचीं फार विस्कटत असतील तर भिंग हलकें समजावें. मग आकाशाच्या पार्श्वभूमीवरील विजेच्या खांबाची कड पाहावी. रंगाची किनार तेथें चटकन् उघडी पडते. सावलींतील वस्तु पाहावी, म्हणजे प्रकाशाचा अंदाज येतो. दुपारीं पत्र्याच्या छपरावरून नजर टाकावी, म्हणजे मृगजळ कसें दिसेल तें कळतें. जुनी दुर्बीण घेत असल्यास पुढून विजेरीचा झोत टाकून आंत बुरशीचे तंतु आहेत कीं काय तें तपासावें, आणि हलक्या हातानें हालवून लोलक सैल झाल्याचा आवाज येतो का तें ऐकावें. मात्र कोणतीहि दुर्बीण सूर्याकडे कदापि वळवूं नये. क्षणार्धांत दृष्टि कायमची जाऊं शकते. ही सूचना लहान मुलांस पालकांनीं स्वतः द्यावी.

आकार, घोडी आणि निगा

निरीक्षण-दुर्बिणी दोन आकारांच्या असतात: सरळ नळीच्या, आणि नेत्रभिंग ४५ अंशांत वर वळलेल्या. उभ्यानें पाहणाऱ्या शिक्षकास सरळ नळी सोयीची, कारण जिकडे वस्तु तिकडे नळी रोखतां येते. परंतु पालथें पडून नेम मारणाऱ्यास वळलेली नळीच हितावह आहे. ती डोळ्याच्या जवळ आणून ठेवितां येते, आणि मान फारशी न हालवितां, खांद्याची बैठक न मोडतां, नुसता डोळा वळवून हवा पाहतां येते. बिस्ले येथें एका बारास पाऊण मिनिटाचा अवधि असतो. तेवढ्यांत अंग हालविणाऱ्याची बैठक बिघडते. नळीभोवतीं फिरणारें कडें असेल तर नेत्रभिंग आपल्या डोळ्याच्या बाजूस कलतें करितां येतें, ही आणखी सोय. चष्मा लावणाऱ्यानें चष्म्यासकट सगळें क्षेत्र दिसतें कीं नाहीं तें पाहावें. नेत्रभिंगापासून १५ ते २० मिलिमीटर अंतरावरून पूर्ण चित्र दिसलें तर ठीक.

घोडीकडे पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. २५ पट वर्धन म्हणजे हादराहि २५ पट. उत्तम कांच डगमगत्या घोडीवर ठेविली तर ती साध्या कांचेहून वाईट ठरते. पालथें पडणाऱ्यास जमिनीलगत बसणारी, रुंद पायांची, वजनदार घोडी हवी. एकंदर खर्चाचा कांहीं भाग प्रथमच तिच्यासाठीं बाजूस काढून ठेवावा, असें आम्ही आग्रहानें सांगूं.

आपल्या कोंकणांतील व मुंबईच्या पावसाळ्यांत भिंगांस बुरशी फार लवकर धरते. म्हणून नळींत नायट्रोजन वायु भरून ती हवाबंद केलेली असल्यास उत्तम. तरीहि ओल्या दुर्बिणीस चामड्याच्या पिशवींत कोंडूं नये. पुसून, वाळवून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. भिंगावरील धूळ आधीं फुंकणीनें व मऊ कुंचल्यानें झाडावी, आणि मगच स्वच्छ कापडानें पुसावें. सदऱ्याच्या टोकानें पुसण्याची संवय लेप खरवडून टाकते.

समारोप

पालकांनीं हा सारा विचार पुढील क्रमानें करावा. मूल कोणत्या पल्ल्यावर नेम मारणार आहे? २५ ते १०० मीटरांच्या सरावास ५० ते ६० मिलिमीटरांची, २० ते २५ पटींची साधी दुर्बीण पुरते, आणि ती दोघांतिघांत मिळून वापरली तरी चालते. ३०० यार्ड व त्यापुढें जावयाचें असेल तर ८० मिलिमीटरांच्या आसपासचें भिंग, २५ ते ३० पटींचें विस्तृत क्षेत्राचें नेत्रभिंग, वळलेली नळी आणि भक्कम घोडी, हें चौकडें जमवावें. पैसा अपुरा पडल्यास वर्धन कमी करावें. कांच व घोडी यांत काटकसर करूं नये.

विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या मैदानावर जोडीदार एकमेकांचे गुण नोंदवितात. दुर्बिणींतून जें दिसलें तेंच मोठ्यानें सांगावयाचें आणि तेंच कागदावर लिहावयाचें, मग तें मित्राच्या लाभाचें असो वा तोट्याचें. दुर्बीण नेमबाजास त्याची कीर्ति वाढवून दाखविण्यासाठीं नसते. बार कोठें गेला आणि कां गेला, हें जसेंच्या तसें दाखविण्यासाठीं असते. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही आपल्याकडील म्हण मृगजळाच्या मैदानावर अक्षरशः खरी ठरते. जें आहे तें स्थिरपणें व स्वच्छपणें दाखवील अशी दुर्बीण निवडावी, आणि तिनें जें दाखविलें तें मान्य करून पुढचा बार सुधारावा. पेटीवरच्या मोठ्या आकड्यानें यांतील एकहि काम होत नाहीं.